सध्याचा वापर

तालुक्याहून छापील नमुना आला, नऊ रकान्यांचा.
जुन्या वास्तूंची यादी करायची, तीन दिवसांत.
टेपचं दुसरं टोक धरायला माणूस मंजूर नाही,
खिळ्याला अडकवायचं आणि मागे मागे चालत जायचं.

भैरीची दीपमाळ सोपी गेली. उंची सावलीवरून काढली.
गुरव म्हणाले, पांडवांच्या वेळची.
मी लिहिलं, अंदाजे दोनशे वर्षे.

पायऱ्यांच्या विहिरीची खोली विचारली,
तर कमरेवर कळशी घेतलेल्या बाई म्हणाल्या,
"कोणत्या महिन्यातली?"
तो रकाना कोराच ठेवला.

करवंदीच्या जाळीत कुणा गोऱ्या साहेबाच्या मुलीची कबर.
वय अकरा महिने. नाव शेवाळाने खाल्लेलं,
शेवटची दोन अक्षरं तेवढी शाबूत.
फुटक्या कोपऱ्यावर आजचंच जास्वंदीचं फूल.
कुणी ठेवलं, ते कुणालाच माहीत नव्हतं.
सगळ्यांना माहीत होतं बहुतेक.

राहिलं बंदरावरचं जकातघर,
कोंडखोलच्या खाडीच्या तोंडाशी.
आगबोट बंद झाली तेव्हापासून रिकामं.
छप्पर वादळात गेलं, कौलं गावातल्या गोठ्यांवर पोचली,
तुळया कुणाकुणाच्या चुलीत.
उरली समुद्राकडची एकच भिंत, जांभ्याची, त्रिकोणी माथ्याची,
आणि मीठ तोलायच्या काट्याचा आकडा;
त्याला कुणाचं तरी जाळं टांगलेलं.

मी लिहिलं : धोकादायक. निर्लेखित करावी.
सध्याचा वापर : ना
इतकं झालं, तेवढ्यात मागून जोमा तांडेल,
"जमिनीवरशी काय बगतंस रं? पान्यातून बग."

होडीत बसायचा मला काही हुकूम नव्हता.

खाडीबाहेर गेल्यावर पोटात ढवळलं,
पेन दोनदा निसटलं, गाव बारीक झालं.
जोमाने इंजिन बंद केलं आणि बोट दाखवलं.
दीपमाळ तिकडे, भिंत इकडे,
मध्ये माडांचं अख्खं बन.
होडी ओहोटीबरोबर सरकत होती
आणि त्या दोघीही सरकत होत्या एकमेकींकडे,
सावकाश, ओळख नसल्यासारख्या.
मग दीपमाळ त्या त्रिकोणाच्या
नेमकी माथ्यावर येऊन उभी राहिली.
"ही वाट," जोमा म्हणाला. "हिच्यात शिरायचं."

डाव्या हाताला पाणी जरासं सुरकुतलेलं.
"तिथं सासू बसलीय."
सासू म्हणजे खडक. भरतीला दिसत नाही.
जोमाच्या आज्याचं गलबत तिने घेतलं,
त्या साली भिंतीला चुना लागला नव्हता.
तेव्हापासून पाऊस सरला की वर्गणी निघते.
चुना इतका पांढरा का, हे जमिनीवर मला सुचलंच नव्हतं.

"आणि रात्री?"
"कोनाड्यात कंदील. पालीपालीनं.
आज रुकय्याची पाली, दाल्दी मोहल्ल्यातली."
मी मोबाईलमधल्या नकाशाचं नाव काढलं.
"हाय की. पोराकडं हाय.
बॅटरी उतरते. सासू उतरत न्हाय."

परत आलो तेव्हा नमुना खिशात भिजला होता.
'ना' पसरून निळा डाग झाला होता,
खाडीच्या तोंडाएवढा.
दीपमाळ पान दोनवर, जकातघर पान पाचवर.
कारकून त्यांना टाचणीने एकत्र लावील,
एका रेषेत कोण लावील?

धक्क्यावर बसूनच मी 'धोकादायक' खोडलं,
आणि डागाच्या बाजूला लिहिलं : वापरात आहे.
साहेब विचारतील, कोणाच्या.
विचारू देत.

शेऱ्याच्या रकान्यात एवढंच टाकलं :
कंदिलाला महिन्याला चार लिटर रॉकेल लागतं.